मॉनिटर घेण्याआधी खोलीतला दिवा पाहा

दिवाळीचे सेल लागले किंवा मुलांच्या परीक्षा संपल्या की एकच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत समोर येतो. दहा-पंधरा हजारांत सिनेमेही नीट दिसतील आणि गेमही खेळता येतील असा मॉनिटर कोणता? २४ इंची घ्यावा की २७ इंची? १०० हर्ट्‌झ पुरेल की १८० हवेत? आयपीएस चांगलं की व्हीए? चार मित्रांना विचारलंत तर पाच उत्तरं मिळतात, आणि गंमत म्हणजे ती पाचही कुणा ना कुणासाठी बरोबर असतात. कारण ही उत्तरं मॉनिटरच्या खोक्यावर छापलेली नाहीत. पॅनेल कोणतं घ्यायचं ते तुमच्या खोलीतला उजेड ठरवतो. पडद्यावर पिक्सेल किती आणि वेग किती, हे तुमचा संगणक किंवा कन्सोल ठरवतो. या दोन गोष्टी आधी पक्क्या केल्यात, तर पन्नास मॉडेलांच्या यादीत पाहण्यासारखी चार-पाचच उरतात.

आधी काळा रंग

स्वस्त मॉनिटर म्हणजे एलसीडी, म्हणजे मागे सतत जळणारा दिवा आणि पुढे लाखो बारीक झडपा. काळा रंग दाखवायचा तर झडप मिटते, पण पूर्ण मिटत नाही; फटीतून उजेड झिरपतोच. पांढरा आणि काळा यांतलं अंतर म्हणजे कॉन्ट्रास्ट. साध्या आयपीएस पॅनेलमध्ये ते साधारण १०००:१ असतं, व्हीएमध्ये ३०००:१ च्या आसपास. पांढरा रंग २५० निट प्रकाशाचा धरला, तर आयपीएसचा काळा ०.२५ निट आणि व्हीएचा ०.०८ निट. आकडे क्षुल्लक वाटतात, पण अंधारात डोळ्यांना नेमका हाच फरक जाणवतो.

सिनेमाच्या बाबतीत तो दुहेरी जाणवतो. चित्रपटगृहासाठी बनवलेले बरेच सिनेमे २.३९:१ अशा रुंद चौकटीत असतात आणि मॉनिटरचा पडदा १६:९ असतो. त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. हिशेब केला तर पडद्याचा चौथा हिस्सा त्यांनीच व्यापलेला असतो. सिनेमा कितीही रंगीत असो, पाव पडदा पूर्ण वेळ काळा. दिवे मालवून बसलात की आयपीएसवर त्या पट्ट्या राखाडी दिसतात, कोपऱ्यांत तर फिकट धुक्यासारख्या. ‘तुंबाड’सारखा (२०१८) कंदिलाच्या उजेडात आणि पावसाळी अंधारात घडणारा सिनेमा असा पाहिला, तर भिंतीचा ओलसर काळोख आणि माणसाची सावली एकमेकांत विरघळून जातात. भयपटांच्या धर्तीच्या गेमचंही तेच.

म्हणजे व्हीए घ्यावं? इथेच खोलीतला दिवा मध्ये येतो. ट्यूबलाइट लावलेली असेल किंवा दुपारी खिडकी उघडी असेल, तर बाहेरचा उजेड पडद्यावरून परावर्तित होऊन काळ्या रंगात मिसळतो. समजा हे परावर्तन अवघं अर्धा निट आहे. आता आयपीएसचा काळा ०.२५ ऐवजी ०.७५ झाला आणि व्हीएचा ०.५८. कॉन्ट्रास्ट काढलात तर आयपीएसला ३३४ आणि व्हीएला ४३० च्या आसपास. जे अंतर तिप्पट होतं, ते सव्वापटीपर्यंत खाली आलं. त्याहून जास्त उजेड असेल तर उरलासुरला फरकही जातो. म्हणून तर दुकानातल्या लखलखाटात सगळे मॉनिटर सारखेच दिसतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन ‘डोळ्यांनी बघून घेतो’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: रंग, आकार, स्टँडचा डळमळीतपणा हे दुकानात कळतं, काळा रंग कळत नाही.

यावर गेम खेळणारे एक आक्षेप घेतात आणि तो खरा आहे. व्हीएच्या झडपा काळ्यातून गडद करड्याकडे जाताना आळस करतात. स्वस्त पॅनेलमध्ये या एका बदलाला २०-३० मिलिसेकंद लागू शकतात, आणि १४४ हर्ट्‌झवर तर एक फ्रेम सात मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ टिकते. परिणामी अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा भरकन वळवला की वस्तूंमागे काळपट ओघळ दिसतो. उजळ मैदानातल्या क्रिकेट-फुटबॉलच्या किंवा शर्यतीच्या गेममध्ये तो फारसा खुपत नाही. नेमबाजीत मात्र खुपतो, कारण तिथे सावलीत लपलेला शत्रू हाच तर सगळा मामला असतो. दुसरा आक्षेप बसण्याच्या जागेचा. व्हीए समोरून उत्तम दिसतं. बाजूने किंवा खालून पाहिलं की रंग विटतात. खाटेवर आडवं पडून सिनेमा बघणारे, किंवा एका मॉनिटरसमोर चार जण कोंडाळं करून बसणारे वसतिगृहातले विद्यार्थी यांना आयपीएसच बरं. दोन्ही आक्षेप मान्य केले तरी मूळ मुद्दा तसाच राहतो. रात्री, एकट्याने, दिवा मालवून, समोर बसून पाहणार असाल तर व्हीए. बाकी बहुतेकांना आयपीएस. व्हीए घ्यायचं ठरलंच तर त्या नेमक्या मॉडेलच्या ओघळाबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते शोधून वाचा. या एका बाबतीत मॉडेलागणिक फरक पडतो.

आयपीएस घेऊन काळ्या रंगाची सल थोडी कमी करण्याचा उपाय फुकटात जमू शकतो. मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा ठेवा. भिंत उजळली की बाहुल्या आकुंचन पावतात आणि राखाडी पट्ट्या काळ्या भासू लागतात. दिव्याचा उजेड पडद्यावर पडू द्यायचा नाही, एवढंच पथ्य. ओएलईडी या सगळ्यावरचा रामबाण आहे, पण त्याच्या किमती या लेखाच्या वाचकाच्या खिशापासून अजून बऱ्याच लांब आहेत.

इंच आणि पिक्सेल यांचं गणित

१९२० बाय १०८० पिक्सेल २४ इंचांत बसवले तर प्रत्येक इंचात साधारण ९२ येतात. तेच २७ इंचांत पसरले की ८२. त्याच २७ इंचांत २५६० बाय १४४० बसवले तर १०९. मॉनिटर मोठा झाला म्हणजे चित्र स्पष्ट झालं, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात पिक्सेल तेवढेच राहिले तर चित्र फक्त ताणलं जातं.

तरीही २७ इंची १०८० म्हणजे फसवणूक, असं सरसकट म्हणणं चूक आहे. किती अंतरावरून बघता ते महत्त्वाचं. सामान्य दृष्टीच्या माणसाला ८२ पिक्सेलांच्या पडद्यावरचे ठिपके सुमारे साडेतीन फुटांपलीकडून वेगळे ओळखता येत नाहीत. पलंगावरून पाच-सहा फुटांवरून सिनेमे बघण्यासाठीच घेत असाल तर २७ इंची १०८० हा स्वस्तातला शहाणा सौदा. टेबलाशी दोन फुटांवर बसून खेळणार असाल, आणि दिवसा त्याच पडद्यावर ऑफिसचं किंवा अभ्यासाचं वाचन करणार असाल, तर अक्षरांच्या कडा खरबरीत दिसतील. विशेषतः देवनागरीतल्या जोडाक्षरांच्या. तिथे १०८० साठी २४ इंचच योग्य.

१४४० कडे जाण्याआधी ग्राफिक्स कार्डाला विचारा. १०८० च्या चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० मध्ये ३६.९ लाख आणि ४के मध्ये ८२.९ लाख. म्हणजे १४४० वर कार्डाला पावणेदोनपटीहून थोडं अधिक काम, ४के वर चौपट. आधीच धापा टाकणाऱ्या कार्डाला १४४० जोडलंत तर महागड्या पडद्यावर अडखळणारा गेम दिसेल. सिनेमाचं दुखणं वेगळं आहे. ओटीटी सेवा किती स्पष्ट चित्र पाठवते ते तुमच्या वर्गणीच्या प्रकारावर, ब्राउझरवर आणि कधी अ‍ॅपवर ठरतं. मधल्या वर्गणीत १०८० च येत असेल तर ४के पडदा घेऊन ते चित्र नवं होत नाही.

वेग: किती झाला की पुरे?

६० हर्ट्‌झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १०० वर १०, १८० वर ५.६ आणि २४० वर ४.२. हे आकडे उतरत्या भाजणीने पाहा: ६० वरून १०० वर गेलात तर जवळपास ७ मिलिसेकंद वाचतात, १०० वरून १८० वर साडेचारच्या आत, आणि १८० वरून २४० वर दीडसुद्धा नाही. पहिल्या उडीची किंमत आता नगण्य आहे, कारण १०० हर्ट्‌झ हाच साध्या मॉनिटरचा पाया झालाय. म्हणून आज नवा ६० हर्ट्‌झचा मॉनिटर घेण्यात अर्थ नाही. दुसरी उडी नेमबाजीचे गेम मनापासून खेळणाऱ्यांसाठी. तिसरीवर या बजेटमध्ये पैसे घालू नयेत. ते पॅनेलवर घाला.

पण मॉनिटरचा वेग ही फक्त मर्यादा असते, फ्रेम पुरवायच्या संगणकानेच. हल्लीच्या बहुतेक गेममध्ये फ्रेम मोजणारा आकडा पडद्यावर दाखवायची सोय असते. आठवडाभर तो चालू ठेवा. नेहमीच्या गेममध्ये ७०-८० च येत असतील तर १८० हर्ट्‌झ हे रिकामं विमान. अशा वेळी वेगापेक्षा अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक अधिक उपयोगी, म्हणजे कार्डाच्या फ्रेम येतील तशी मॉनिटरने आपली चाल बदलणं. एएमडीच्या नावाने याला फ्रीसिंक म्हणतात. एनव्हिडियाची कार्डंही २०१९ पासून अशा मॉनिटरांवर ही सोय देतात, त्यामुळे महागड्या जी-सिंक मॉड्यूलसाठी वेगळे पैसे मोजायची गरज राहिलेली नाही.

सिनेमाला वेगाची गरज नाही, हेही पूर्ण खरं नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा सावकाश फिरताना चित्र किंचित अडखळतं. १२० वर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा, १४४ वर सहा वेळा. १६५ किंवा १८० चा मॉनिटर असेल आणि सेटिंगमध्ये १२० किंवा १४४ चा पर्याय दिसत असेल, तर सिनेमापुरता तो निवडा. आपल्याकडच्या दूरदर्शन-प्रक्षेपणाची परंपरा मात्र २५ फ्रेमची, त्यामुळे मालिका बघणाऱ्या घरात साधा १०० हर्ट्‌झचा मॉनिटर चपखल बसतो: २५ चौके शंभर.

एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती वेगळी सांगायलाच हवी. नवा मॉनिटर जोडला तरी विंडोज बऱ्याचदा ६० हर्ट्‌झवरच चालत राहतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथून अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन वेग स्वतः बदलावा लागतो.

केबल आणि कन्सोल

१४४० वर १४४ हर्ट्‌झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं, जुन्या एचडीएमआय १.४ वर ते जमत नाही. संगणकात डिस्प्लेपोर्ट असेल तर तेच वापरा. प्लेस्टेशन ५ ला २०२२ पासून १४४० चालतं, आणि १०८० वर १२० हर्ट्‌झही साध्या २.० वर मिळतात. पण फ्रेमप्रमाणे चाल बदलण्याची सोय त्यावर फक्त एचडीएमआय २.१ असेल तरच मिळते. एक्सबॉक्स सीरीज एस किंवा एक्सला ती २.० वर फ्रीसिंकद्वारेही मिळते. आवाजाचं पाहायला विसरू नका. स्वस्त मॉनिटरांत स्पीकर नसतातच किंवा असून नसल्यासारखे असतात. हेडफोनची पिन आहे का ते बघा. नसेल आणि कन्सोल लावणार असाल तर पंचाईत होते.

खोक्यावरचे दुर्लक्ष करण्याजोगे आकडे

- डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, कोटीला एक वगैरे: मागचा दिवा पूर्ण मंद करून आणि मग पूर्ण तेवता करून घेतलेलं माप. एकाच दृश्यात ते कधीच दिसत नाही. ‘टिपिकल’ किंवा ‘स्टॅटिक’ लिहिलेला आकडा शोधा.
- एचडीआर १०: तो संकेत मॉनिटरला समजतो, एवढाच अर्थ. २५०-३०० निटांच्या पडद्यावर ते लावलं तर चित्र उलट फिकं पडू शकतं. डिस्प्लेएचडीआर ४०० चा शिक्का असला तरी पडद्याचा भाग-भाग वेगळा मंद करण्याची सक्ती त्यात नाही. बंद ठेवा आणि त्यासाठी जादा पैसे देऊ नका.
- १ मिलिसेकंद: बाजूला एमपीआरटी लिहिलंय का पाहा. तो आकडा मागचा दिवा झपझप उघड-मीट करून मिळवलेला असतो. ती सोय चालू केली की पडदा अंधारतो आणि बहुतेक मॉनिटरांत अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद होतं.
- १.६७ कोटी रंग: जवळपास सगळ्यांवर असतं. त्याऐवजी एसआरजीबी ९९ टक्के किंवा एनटीएससी ७२ टक्के पाहा. दोन्हींचा अर्थ साधारण सारखाच. एनटीएससी ४५ टक्के दिसलं तर पुढे चला.
- ‘६० टक्के सूट’: छापील किमतीवरची. त्याच मॉनिटरची महिन्याभरातली विक्रीची किंमत पाहिलीत तर खरी सूट कळेल.

त्याच पैशांत टीव्ही का नको?

आक्षेप रास्त आहे आणि काहींच्या बाबतीत उत्तर ‘टीव्हीच घ्या’ असंच आहे. कन्सोल आहे, सहा-सात फुटांवर सोफा आहे, टेबलाशी बसून काम करायचं नाही; मग गेम मोड असलेला ४३ इंची ४के टीव्ही मॉनिटरपेक्षा सुखाचा. त्याला स्पीकर आहेत, रिमोट आहे, सगळं कुटुंब बसू शकतं. फसगत होते ती ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीत. त्यावर १३६६ बाय ७६८, म्हणजे जेमतेम साडेदहा लाख पिक्सेल. २४ इंची मॉनिटरच्या निम्मे आणि तेही जास्त जागेत पसरलेले. दोन फुटांवरून अक्षरं वाचवत नाहीत. शिवाय गेम मोड नसलेला टीव्ही चित्रावर संस्कार करत बसतो आणि तुम्ही बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल दिसायला उशीर होतो.

मग कुणी काय घ्यावं?

किमती सेलनुसार वर-खाली होतात. खालचे आकडे अंदाजाचे समजा.

- साधा लॅपटॉप किंवा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक, उजेडाची खोली, अभ्यास आणि सिनेमा दोन्ही: २४ इंची, १०८०, आयपीएस, १०० हर्ट्‌झ. ७ ते १० हजारांत.
- नेमबाजीचे गेम आणि मधल्या ताकदीचं कार्ड: तेच, पण १४४ ते १८० हर्ट्‌झ. साधारण दोन-तीन हजार जास्त.
- रात्री दिवे मालवून सिनेमे आणि कथेचे गेम: व्हीए, २४ किंवा २७ इंची. वक्र पडदा आला तर आला, त्यासाठी पैसे वाढवू नका.
- बऱ्यापैकी कार्ड आणि टेबलाशी दिवसभर बैठक: २७ इंची, १४४०, आयपीएस. १५ ते २० हजारांच्या घरात. या यादीत सर्वांत जास्त वर्षं पुरणारा हाच.

ऑफिसांतून निघालेले जुने मॉनिटर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. त्यांतले बहुतेक ६० हर्ट्‌झचे असतात आणि मागचा दिवा वर्षानुवर्षं जळून मंदावलेला असतो. केवळ सिनेमासाठी, तात्पुरता, हमी लिहून मिळत असेल तरच.

खोकं उघडताना आणि नंतर

ऑनलाइन घेण्याआधी परतीची अट वाचा. मॉनिटरवर अनेकदा ‘फक्त बदली’ असते, पैसे परत नाहीत, आणि मुदत सात दिवसांची. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. पहिल्याच रात्री दिवे मालवून पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, लाल, हिरवं आणि निळं चित्र पडद्यावर लावा. अडकलेला ठिपका असेल तर तेव्हाच दिसतो. हे पहिल्या आठवड्यात करण्याला कारण आहे: एखाद-दुसरा मेलेला पिक्सेल बहुतेक कंपन्या हमीखाली दोष मानत नाहीत, त्यामुळे परतीची मुदत हीच तुमची खरी संधी. आयपीएसच्या कोपऱ्यातली फिकट चमक मात्र त्या पॅनेलचा स्वभाव आहे. पडदा पाहण्याची जागा बदलली की ती हलते. दिव्याची गळती एका जागी घट्ट राहते. गळती ठळक असेल तर बदलून मागा. मागच्या बाजूला बीआयएसचा शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही तिथल्या तिथे पाहा. खोकं आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत फेकू नका.

दुकानातून घेतलात तर पक्कं बिल मागा, त्यावर अनुक्रमांक लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायला बिनबिलाचा माल घेतला की तीन वर्षांची हमी आणि तक्रारीचा पुरावा दोन्हींवर पाणी पडतं. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ सदोष मालाला लागू पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे, वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेता ती नाकारू शकत नाही. संकेतस्थळावर १४४ हर्ट्‌झ लिहून ७५ चा मॉनिटर आला, तर ‘आमच्याकडे फक्त बदली’ हे उत्तर पुरेसं नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तक्रारीचा क्रमांक मिळतो तो जपून ठेवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. ऑनलाइन दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. वकीलही बंधनकारक नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी, सोबत बिल, व्हिडिओ आणि जाहिरातीचं छायाचित्र जोडून. म्हणून मॉनिटर मागवतानाच त्याच्या वर्णनाच्या पानाचं छायाचित्र काढून ठेवा. तक्रार होईपर्यंत ते पान बदललेलं असू शकतं.